हत्तीण आता कमी पिते

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. सगळे जिवंत आहेत, आणि ताप जिवंत माणसांचाच असतो हे तुला मी सांगायला नको. पत्र तुझ्या रोपवाटिकेच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे सरळ तुझ्याच हातात पडेल. फोन का नाही केला म्हणशील. कारण आहे, पुढे येईलच. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मी फक्त गिऱ्हाइकांच्या चादरींवर खुणा करत आलेय, एवढं लांब लिहायची हाताला सवय नाही. आणि तुझ्या दादाला मी समोर अहोच म्हणते, पण पत्रात नुसतं ‘तो’ लिहिणार आहे. अहो-जाहो करत बसले तर शाई पुरायची नाही.

तर विषय हत्तीण. तुझ्या दादाची ती जुनी मोठी गाडी, जिला नाव तूच ठेवलंस आणि बारसं करून मोकळी झालीस. पोसतोय आम्ही. गेल्या वर्षापासून ती प्यायला लागली होती. पेट्रोल म्हणते मी. तुझा दादा पीत नाही तेवढं एक बरं, पिणारे दोघं एका घरात मला झेपले नसते. पूर्वी सोमवारी टाकी भरली की हॉटेलांच्या सगळ्या फेऱ्या, मळक्या चादरी आणणं, धुतलेल्या पोचवणं, शनिवारपर्यंत काट्याकडे बघायला लागायचं नाही. मग काटा शुक्रवारी खाली यायला लागला, मग गुरुवारी. गावाला सल्ले द्यायला काय जातंय. शेजारचा दुकानदार म्हणाला, वहिनी, दारात हत्ती पोसताय, विकून टाका. मी म्हटलं, हत्तीण आहे, आणि माझ्या दारात आहे, तुम्हाला कुठे सोंड लागली. तेव्हापासून तो फक्त दादाशीच बोलतो.

पण पेट्रोलपेक्षा मला डाचत होती ती काजळी. तुला माहीत आहे, गाडी लॉन्ड्रीच्या दाराशी पाठमोरी लागते आणि आम्ही चादरींची बोचकी मागून भरतो. म्हणजे सायलेन्सरचं तोंड थेट धुतलेल्या कपड्यांवर. गाडी चालू केली की काळा धूर भसकन यायचा आणि खालच्या बोचक्यांना बारीक काळे ठिपके. हॉटेलच्या खोल्या बघणारी जी बाई आहे, नाकाने कांदे सोलणारी, तिने एकदा चादर माझ्या तोंडासमोर धरली आणि विचारलं, ही धुतलेली की धुवायची. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही म्हणजे किती लागलं असेल बघ.

घरी येऊन तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारी झाली गं, खोकणारच. हे ऐकून मला नवल वाटलं, कारण हा कोण माणूस? गाडी चालू करून दोन मिनिटं बसायचा आणि सांगायचा की एक प्लग गेलाय. बॉनेट न उघडता. पायाच्या तळव्याने कळायचं त्याला. तू तर त्याच तालमीतली. तो गोदामामागच्या मोकळ्या जागेत तुला शिकवायला न्यायचा, आठवतंय ना? पहिल्या दिवशी त्याने तुझ्या चपला काढायला लावल्या आणि सीटमागे टाकल्या. तू म्हणालीस, दादा, गाडी चालवायचीय का झोपायचंय. तो म्हणाला, गाडी तळव्याशी बोलते, मधे चप्पल घालून तिचं तोंड दाबू नकोस. तू शिकलीस. मीही एकदा बसले होते शिकायला, पण त्याचं डोकं आणि माझी जीभ एका गाडीत मावेनात, कोपऱ्यावरून उतरून चालत घरी आले.

अजून त्याचं तसंच असतं. दार उघडलं की आधी चपला काढायच्या, एका हाताने दोन्ही सीटमागे टाकायच्या, मग चढायचं. उतरताना वाकून त्या ओढायच्या आणि पायात सरकवायच्या. बाहेर ऊन असो, चिखल असो. लोक हसतात. त्याला काही नाही.

बरं. शेवटी मीच हत्तीण ढापण्याकडे न्यायला लावली. ढापण्या म्हणजे आपल्या वळणावरचा गॅरेजवाला, चष्मा कपाळावर आणि डोळे बारीक करून बघतो तो. त्याने स्टीअरिंगखाली एक वायर खोचली, हातातल्या यंत्राकडे बघितलं, मग बॉनेटला हात लावला आणि झटकन काढला. मला म्हणाला, वहिनी, इंजिन चटके देतंय आणि यंत्रात बघा, थंडगार दाखवतंय. मला पटकन कळलं. आपली मोठी इस्त्री आठव, जिने तुझा पिवळा ड्रेस जाळला. तिच्या आतला, तापल्यावर वीज तोडणारा कटआउट बिघडला होता. इस्त्री लाल व्हायची वेळ आली तरी तिला वाटायचं, अजून गारच आहे, अजून तापायचंय. हत्तीणीचं तेच. इंजिनाची उष्णता सांगणारा सेन्सर खराब झालेला, म्हणून गाडीला कायम वाटायचं की आपण आत्ताच उठलोय, अंगात ऊब नाही, आणि ती पेट्रोल जास्त ओतून घ्यायची. दुसरा सेन्सर धुराच्या नळीत असतो. पेट्रोल जास्त होतंय का कमी, ते धुरावरून ओळखून इंजिनाला कळवणं हे त्याचं काम. तो म्हातारा झाला होता, सांगायचा पण उशिरा सांगायचा, आपल्या मामांसारखा. तिसरा एक हवेच्या वाटेवरचा, तो नुसता मळला होता, फवारा मारून साफ केला. पहिले दोन बदलले.

तुझा दादा तिथे कडेला उभा राहून म्हणत होता, सेन्सर-बिन्सर काही नसतं, पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते, चालवणाऱ्याला कळलं पाहिजे. ढापण्या मान खाली घालून पाना फिरवत होता. तो कधी उलट बोलत नाही. गॅरेजवाल्याला उलट बोलून परवडत नाही, लॉन्ड्रीवालीला परवडतं.

गाडी चालू केल्यावर मी धुतलेला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. इंजिन तापेपर्यंत धरून उभी होते. पांढराच राहिला. ठमे, मला त्या रुमालाचा जेवढा आनंद झाला तेवढा मला लग्नात झाला नव्हता, हे तू दादाला सांगू नकोस.

नेमका त्याच आठवड्यात तुझ्या दादाला ताप आला. साधाच, पण अंथरूण धरलं. चादरी तर थांबत नाहीत. ढापण्या म्हणाला, मीच करतो फेऱ्या, मलाही बघायचंय गाडी कशी चालते. सोमवारी टाकी भरली. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः आत बसून काटा बघितला, अजून पेट्रोल शिल्लक होतं. मी दारात उभी राहून शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, हत्तीण आता कमी पिते.

पुढच्या सोमवारी तुझा दादा बरा होऊन गाडीवर बसला. आणि गुरुवारी काटा खाली.

मला घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. धूर नाही, ठिपके नाहीत, नवे सेन्सर, मग पेट्रोल जातं कुठे. तुझा दादा म्हणाला, बघ, मी सांगत होतो, चुना लावला त्याने तुला. मी तशीच ओल्या हातांनी ढापण्याच्या गॅरेजात गेले आणि त्याला नाही नाही ते बोलले. आमच्या पेट्रोलने स्वतःची टाकी भरत असशील, इथपर्यंत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, उद्या मी दादांच्या शेजारी बसून एक फेरी करतो. केली. संध्याकाळी तो एकटाच लॉन्ड्रीत आला, चष्मा कपाळावरून काढला, शर्टाला पुसला, परत कपाळावर चढवला. म्हणाला, वहिनी, गाडी उत्तम आहे. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, दादांना म्हणा पाय जरा हलका ठेवा. गाडी उभी असते आणि यांचा पाय दाबलेलाच असतो, इंजिन नुसतं ओरडत राहतं. मी म्हटलं, तुला माझ्या नवऱ्याला गाडी शिकवायची वेळ आली का. तो गेला. पण जाताना त्याने जे तोंड केलं ते चोराचं नव्हतं. ते घरी काही वाईट सांगायला आलेल्या माणसाचं होतं.

मग चपलेचा प्रकार झाला. त्या दिवशी मी आणि घडीताई, चादरींच्या घड्या घालायला येते ती, दोघी गाडीत मागे होतो. हॉटेलच्या मागच्या फाटकाशी पोचलो. तुझा दादा उतरला, वाकला, सीटमागे हात घातला, एक चप्पल बाहेर काढली. दुसरी सापडेना. सीटखाली बघितलं, बोचक्यांखाली बघितलं, घडीताईला म्हणाला, तुझ्या पायाखाली आली असेल बघ, कपडे टाकताना काही बघत नाहीस. ती बिचारी गाडीत ओणवी होऊन शोधायला लागली. फाटकावरचा राखणदार हसायला लागला तेव्हा आम्ही बघितलं. चप्पल त्याच्या उजव्या पायात होती. निघाल्यापासून पायातच होती. ती घालूनच त्याने आख्ख्या गावातून गाडी आणली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

सगळे हसले. घडीताई हसली, राखणदार हसला, तुझा दादाही हसला, म्हणाला, म्हातारचळ लागला वाटतं. मी बोचकं उचललं आणि आत गेले. तू तिथे असतीस तर तूही हसली नसतीस. इतक्या वर्षांत त्या माणसाने चप्पल घालून पेडलला पाय लावलेला नाही, आणि आज पायात चप्पल होती ती त्याला कळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे काय, जेवायला वाढणार नाही म्हटलं. तिने रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. किती दिवसांची आहे कोण जाणे. मग तिने त्याला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, तळव्याला कुठे लागलं की हो म्हणा. हातात बारीक तारेसारखं काहीतरी होतं. तिने अंगठ्याला लावलं, बोटांखाली लावलं, टाचेला लावलं, डावा पाय झाला, उजवा झाला. डाव्याला टाचेवर दोनदा हो म्हणाला. उजव्याला काहीच नाही. तो आपला डोळे मिटून शहाण्या मुलासारखा पडून होता. थोड्या वेळाने म्हणाला, आता उजवा करा की. तिचा उजवा करून झाला होता.

मी तिला विचारलं, यातलं काही बदलता येतं का. ती हसली नाही, तेवढी बाई चांगली आहे. म्हणाली, साखर आवरली तर आहे तेवढं टिकेल, गेलेलं बहुतेक येणार नाही. रोज तळवे बघा, जखम झाली तर यांना कळणार नाही. आणि त्याच्याकडे वळून सरळ म्हणाली, गाडी चालवायची नाही. तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, डॉक्टरला काय, तिला सगळ्यांचे पाय बधिरच दिसतात. आणि ठमीला यातलं काही सांगू नकोस, उगाच धावत येईल. चपला काढल्या, सीटमागे टाकल्या आणि गाडी चालू केली.

गोळ्या घेतो. गोड सोडलंय, म्हणजे माझ्यासमोर सोडलंय. रोज संध्याकाळी मी त्याचे तळवे मांडीवर घेऊन बघते. तो पाय ओढून घेतो आणि म्हणतो, सोड, गुदगुल्या होतात. होत नाहीत, ठमे. मी मुद्दाम बोट फिरवून बघितलंय, तो दुसरीकडे बघत असताना.

किल्लीवरून आमची तीनदा भांडणं झाली. भांडणात मी जिंकते, ते तुला माहीत आहे, पण किल्ली त्याच्याच खिशात राहते. लपवली तर त्याच्याकडे दुसरी निघाली. ढापण्याकडे गेले, आधी त्याला म्हटलं, माझं चुकलं, मग म्हटलं, बाबा, गाडी बिघडवून ठेव. तो म्हणाला, वहिनी, चांगली चाललेली गाडी बिघडवायला माझा हात वळत नाही, दुसरं काहीही सांगा. आता याला काय म्हणायचं. एक सुधारेना, दुसरा बिघडवेना.

आणि चार दिवसांपूर्वी, हॉटेलच्या त्याच मागच्या फाटकाशी. आम्ही दोघी मळक्या चादरी बांधायला आधीच गेलो होतो. घडीताई भिंतीकडेला एका बोचक्यावर बसून दुसऱ्याची गाठ आवळत होती. मी चादरींची ढकलगाडी घेऊन शेजारी उभी. हत्तीण आली, थांबायच्या जागी आली, आणि थांबायच्या ऐवजी इंजिनाचा आवाज चढला. मी काही विचार केला नाही, घडीताईचा दंड धरून ओढली. गाडी ढकलगाडीवर आली, ती आडवी झाली, बोचकी चाकाखाली गेली, त्यात अडकून इंजिन गचकन बंद पडलं. घडीताई बसली होती ते बोचकं भिंत आणि बंपर यांच्यामधे होतं. ती माझ्या अंगावर. तिच्या हातात अजून गाठीचं टोक होतं.

तुझा दादा उतरला. पांढरा पडला होता. म्हणाला, ब्रेक ढिला झालाय, ढापण्याला बघायला सांग. मी त्याच दिवशी ढापण्याला बघायला लावला. ब्रेक ठणठणीत आहे. तुझ्या दादाला वाटलं की पाय ब्रेकवर आहे, तो नव्हता. हे त्यालाही माहीत आहे. पण ते तोंडाने म्हणायचं म्हणजे त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि मी मागे लागले की तो आणखी घट्ट बसतो. घडीताई दुसऱ्या दिवशी कामावर आली. फक्त आता गाडी यायची वेळ झाली की ती भिंतीच्या आत जाऊन उभी राहते आणि इंजिन बंद झाल्याचा आवाज आला की बाहेर येते. तिला दोन लेकरं आहेत. ती अशी आत गेली की मला माझीच लाज वाटते.

फोन का नाही, ते आता सांगते. माझे हात दिवसभर ओले, फोन कायम मोठ्या आवाजावर फळीवर ठेवलेला, आणि तुझा दादा शेजारच्या स्टुलावर. तुझा फोन म्हटलं की तर तो हलतच नाही. म्हणून हे लिहिलं. काम एकच आहे. गाडी तू माग. त्याला फोन कर आणि म्हण, दादा, माझी कुंड्यांची आणि मातीच्या पोत्यांची ने-आण दर वेळी भाड्याच्या टेंपोवर अडते, हत्तीण मला दे. खोटं बोलायला लावतेय असं समजू नकोस, मागच्या वेळी आलीस तेव्हा हेच रडगाणं तू जेवताना गायलीस. पायाचं तुला काही माहीत नाही, डॉक्टरीणबाईंचं नाही, माझं पत्र तर नाहीच. मी मागितलेलं त्याने कधी सुखाने दिलं नाही, पण तुला त्याने नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. स्वतःचं घड्याळ दिलं, वडिलांची सायकल दिली, आणि दिल्यावर चार दिवस छाती काढून फिरला. माझ्याने त्याच्याकडून गाडी काढून घेववत नाही, ठमे, आणि खरं सांगू, काढून घ्यायचीही नाही. त्याने ती द्यायला हवी. चादरींसाठी टेंपोवाला बोलून ठेवलाय. तुझा दादा दुकानात बसेल, गिऱ्हाइकांशी गोड बोलेल, मला ते आयुष्यात जमलं नाही. तू मात्र उशीर करू नकोस, या रविवारच्या आत ये. निघताना त्याला शेजारी बसव आणि वळणापर्यंत ने, मी त्याला चालत घरी आणीन. आणि गाडीत चढायच्या आधी चपला काढ, त्याच्या डोळ्यांसमोर काढ. घरी पोचलीस की काटा बघ आणि फोन कर, सांग त्याला, दादा, एवढ्या लांब आले तरी कितीसं पेट्रोल लागलं. तो म्हणेल, मी सांगत नव्हतो, गाडी चांगली आहे. म्हणू दे. फोन मोठ्या आवाजावर असेल, मलाही ऐकू येईल.

तुझीच,
वहिनी